एका डब्यात दोन खेळ

२०१७ साली दोन मोबाइल गेम बाजारात आले. पहिला जपानच्या टायटो कंपनीचा, 'अर्कनॉइड व्हर्सेस स्पेस इन्व्हेडर्स'. यात वरून परग्रहवासी गोळ्या झाडतात, खाली बोटाने सरकवायची पट्टी त्याच गोळ्या त्यांच्यावर उलटवते, मध्ये विटांचे अडथळे असतात आणि वेळ संपत आलेली असते. दुसरा पॅरिसच्या व्हूडू कंपनीचा, 'स्नेक व्हर्सेस ब्लॉक'. चेंडूंच्या माळेचा एक साप सतत पुढे सरकत राहतो, समोरून आकडे लिहिलेले ठोकळे येतात. ठोकळ्यावर जेवढा आकडा तेवढे चेंडू खर्ची घातले की तो फुटतो. दोन्ही गेमची कृती एकच: दोन जुने आर्केड खेळ घ्यायचे आणि एका पडद्यावर आणायचे.

ज्या देशांत हे खेळ एकामागून एक, वर्षावर्षाच्या अंतराने आले, तिथल्या लोकांना या मिश्रणाचं अप्रूप वाटणं साहजिक होतं. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरमध्ये ऐंशी-नव्वदच्या दशकांत वाढलेल्या पिढीला मात्र त्यात नवल वाटण्यासारखं फारसं काही नव्हतं. हे खेळ त्यांनी मुळात वेगवेगळे पाहिलेच नव्हते. त्यांच्यापर्यंत ते आले तेव्हाच एकत्र आले होते: एका गाळ्यात, एका कॅबिनेटमध्ये, एका कार्ट्रिजमध्ये आणि शेवटी एका फोनमध्ये.

घराणं एकच

या खेळांची वंशावळ १९७६ पासून मांडता येते. त्या वर्षी अमेरिकेत अटारीने 'ब्रेकआउट' आणला. खाली एक पट्टी, वर विटांच्या रांगा, मध्ये उसळणारा चेंडू. त्याचा पहिला नमुना स्टीव्ह वॉझ्नियाकने स्टीव्ह जॉब्जच्या सांगण्यावरून रात्री जागून चार दिवसांत जुळवला होता. त्यात मायक्रोप्रोसेसर नव्हता, सगळा खेळ साध्या लॉजिक चिपा एकमेकींना जोडून उभा केलेला. त्याच वर्षी ग्रेमलिन या दुसऱ्या अमेरिकी कंपनीने 'ब्लॉकेड' आणला. दोघांनी आपापली रेघ वाढवत न्यायची आणि जो कुणाच्याही रेघेवर किंवा भिंतीवर आपटेल तो बाद. पुढे जगभर 'स्नेक' म्हणून ओळखला गेलेला खेळ याच ब्लॉकेडच्या पोटी जन्माला आला.

जपानमध्ये टायटोचा अभियंता तोमोहिरो निशिकादो 'ब्रेकआउट'च्या प्रेमात होता आणि त्याला त्याच्या वरचढ काही तरी करायचं होतं. त्याने निर्जीव विटांच्या जागी हलणारे, उलट गोळ्या झाडणारे परग्रहवासी आणले, पट्टीच्या जागी तोफ आणली आणि १९७८ मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' तयार झाला. त्यासाठी लागणारं यंत्रसुद्धा त्याला स्वतःच घडवावं लागलं. त्यातल्या इंटेल ८०८० प्रोसेसरला पडद्यावरचे सगळे शत्रू एका वेळी सरकवणं जड जायचं. शत्रू मरत गेले की त्याचं ओझं कमी व्हायचं आणि उरलेले जोरात धावायला लागायचे. शेवटचा एकटा तर सुसाट. निशिकादोने हे ठरवून केलेलं नव्हतं, यंत्राच्या मर्यादेतून ते आपोआप घडलं. पण खेळणाऱ्याच्या छातीत धडधड वाढवणारी ती गती त्याने तशीच राहू दिली आणि पुढच्या असंख्य गेमनी ती उचलली.

१९८० मध्ये नामकोच्या तोरू इवातानीचा 'पॅक-मॅन' आला. १९८६ मध्ये टायटोनेच 'ब्रेकआउट'ची कल्पना पुन्हा हाती घेतली, विटांमधून पडणाऱ्या जादुई गोळ्या त्यात घातल्या आणि त्याला 'अर्कनॉइड' नाव दिलं. म्हणजे २०१७ च्या त्या गेममध्ये समोरासमोर उभे केलेले दोघेही 'ब्रेकआउट'चेच वंशज. नावात 'व्हर्सेस' असलं तरी प्रकार भाऊबंदकीचा.

लोक उत्तरेला सरकत होते

हे सगळं टोकियोत आणि कॅलिफोर्नियात चाललं होतं त्या काळात मुंबईचा तोल बदलत होता. १९८१ च्या जनगणनेत शहर भागात सुमारे ३२ लाख ८५ हजार माणसं होती आणि उपनगरांत सुमारे ४९ लाख ५८ हजार. दहा वर्षांनी शहरातली संख्या घटून ३१ लाख ७५ हजारांवर आली आणि उपनगरांतली ६७ लाख ५१ हजारांवर गेली. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपाने गिरणगावाचा कणा मोडला होता. लालबाग-परळच्या खोल्यांमधली पुढची पिढी बोरिवली, मुलुंड, डोंबिवलीकडे सरकत होती. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ मध्ये सुरू झालेल्या योजनेत बोरिवलीच्या गोराई आणि कांदिवलीच्या चारकोपमध्ये म्हाडाने छोटे छोटे भूखंड आखून दिले, त्यांवर बैठी घरं आणि रांगेतले गाळे उभे राहिले. १ ऑक्टोबर १९९० ला मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला.

नव्या वस्त्यांत शाळा, दवाखाना, किराणा दुकान हळूहळू आलं. करमणुकीसाठी मात्र पुष्कळदा स्टेशनापर्यंत जावं लागे. १९८९ मध्ये गोराईला एस्सेल वर्ल्ड उघडलं. बोरिवलीच्या जेट्टीवरून किंवा मालाडच्या मार्वेहून बोटीने तिथे जायचं. पण ते वर्षातून एकदा, शाळेच्या सहलीबरोबर किंवा मामा आला तर. रोजच्या संध्याकाळी खिशातल्या रुपयात जी करमणूक मिळायची तिचं ठिकाण वेगळं होतं: व्हिडिओ गेम पार्लर.

रुपयात एक डाव

स्टेशनबाहेरच्या बाजारगल्लीत, सोसायटीच्या तळमजल्यावर, झेरॉक्सच्या किंवा कॅसेटच्या दुकानाच्या मागच्या भागात एक अंधारा गाळा असायचा. काचेला काळी फिल्म किंवा दाराला पडदा, आत चार-सहा लाकडी कॅबिनेट, एक पंखा आणि गल्ल्यावर मालक किंवा त्याचा भाचा. त्याच्याकडून टोकन घ्यायचं. काही ठिकाणी तो हात लांबवून मशीनमागचं बटण दाबायचा आणि पडद्यावर 'क्रेडिट' वाढायचं. नव्वदच्या सुरुवातीला रुपयाला एक डाव हा सर्वसाधारण भाव होता.

सुताराकडून करवून घेतलेल्या या कॅबिनेटचं खरं रहस्य आतल्या बोर्डात होतं. जपानी आर्केड उत्पादकांच्या संघटनेने १९८५ च्या सुमारास बोर्डाच्या जोडणीचं एक प्रमाण ठरवून दिलं होतं: ५६ पिनांचा एक सॉकेट, त्यातून वीज, चित्र, आवाज, जॉयस्टिक, बटणं सगळ्यांच्या तारा. हे प्रमाण पाळणारा कुठलाही बोर्ड कुठल्याही कॅबिनेटमध्ये बसायचा. जुना खेळ चालेनासा झाला की पार्लरवाला कॅबिनेटचं मागचं दार उघडून बोर्ड खेचून काढायचा, दुसरा खोचायचा आणि अर्ध्या तासात मशीन पुन्हा चालू. वरच्या फलकावरचं चित्र मात्र बदलायचं नाही. त्यामुळे बाहेर एका खेळाचं नाव आणि आत दुसराच खेळ, हे इथे रोजचं होतं.

बोर्डही क्रमाने येत नव्हते. परदेशातल्या पार्लरनी वापरून टाकलेले, कुठल्या तरी बंदरातून आलेले, लॅमिंग्टन रोडवर कुणीतरी झाळून दुरुस्त केलेले, जे हाती पडतील ते. त्यामुळे १९८० चा 'पॅक-मॅन', १९९१ चा 'स्ट्रीट फायटर टू' आणि मधल्या काळातला एखादा अंतराळयुद्धाचा खेळ, तिघे शेजारीशेजारी उभे असायचे. कॅलेंडरची पानं विसकटून पुन्हा टाचावीत, तसा इथल्या मुलाला आर्केडचा इतिहास मिळाला. पॅक-मॅन जुना आणि स्ट्रीट फायटर नवा, हे त्याला कळायचं कारणच नव्हतं. त्याच्यासाठी दोन्ही या आठवड्यातलेच.

कॅपकॉमच्या १९९३ च्या 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'चं मूळ नाव तर फारच थोड्यांनी घेतलं असेल. त्यातल्या चार खेळाडूंपैकी पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफाची लाथ जबरदस्त, म्हणून सगळा खेळच 'मुस्तफा' झाला. 'मुस्तफा आलाय का रे त्या गल्लीत?' असं विचारलं की समोरच्याला कळायचं.

एका रुपयात दोघांनी खेळायची पद्धतही इथलीच. एकाने जॉयस्टिक धरायची, दुसऱ्याने बटणं दाबायची. 'तू फक्त पळव, फाइट मी मारतो.' मागे उभे राहणारे वेगळे: कुठल्या कोपऱ्यात जेवण लपलंय, बॉस कधी उडी मारतो, हे त्यांना तोंडपाठ असायचं. खेळ संपत आला की हळूच विनंती यायची, 'भाई, शेवटची एक लाइफ मला दे ना.' पैसे एकाचे आणि खेळ चौघांचा.

या खेळांच्या रचनेमागे व्यापाराचं साधं गणित होतं. नवख्या माणसाचं नाणं दोन-तीन मिनिटांत संपलं पाहिजे आणि तरी 'अजून थोडं जमलं असतं' असं वाटून त्याने दुसरं नाणं काढलं पाहिजे. म्हणून पहिली लेव्हल सोपी, तिसरी कठीण. अटारीच्या पहिल्या दिवसांपासून आर्केडचा धंदा याच मापावर चालला. पुढे फोनवर गेम आले तेव्हा हेच माप उपनगरी माणसाच्या कामी आलं. ते कसं, ते पुढे येईल.

तमाशाच्या नियमात व्हिडिओ गेम

पार्लरवर पालकांचा राग आणि पोलिसांची नजर दोन्ही असायचं. शाळा बुडवून पोरं तिथे सापडायची, घरातली चिल्लर तिथे जायची. काही गाळ्यांत तर पत्त्यांची किंवा फिरत्या चित्रांची जुगारी यंत्रं मागच्या खोलीत चालायची. कायद्याच्या पुस्तकात व्हिडिओ गेमसाठी वेगळं खातं नव्हतं. मुंबई पोलीस अधिनियम १९५१ खाली सिनेमा सोडून इतर सार्वजनिक करमणुकीच्या जागांसाठी १९६० मध्ये नियम झाले होते, मेळे आणि तमाशे यांच्यासकट. पार्लरचा परवाना याच नियमांखाली. फडावरच्या तमाशाला आणि 'स्पेस इन्व्हेडर्स'ला सरकारदरबारी एकच दार होतं.

दुसरा प्रश्न जुगाराचा. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. मग व्हिडिओ गेम म्हणजे कौशल्य की नशीब? कर्नाटकातून गेलेल्या एम. जे. शिवाणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये यावर निर्णय दिला. व्हिडिओ गेमच्या जागांवर परवान्याचं नियंत्रण वैध आहे, असं न्यायालयाने ठरवलं. त्यामागचं एक कारण मोठं व्यवहारी होतं: मशीनमध्ये फेरफार करून निकाल चालकाला हवा तसा फिरवता येतो, मग खेळणाऱ्याचं कौशल्य कितीही असो. पार्लरच्या मागच्या दारातून बोर्ड बदलताना पाहिलेल्या मुलांना हे न्यायालयाने सांगायची गरज नव्हती.

नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव

त्याच सुमारास खेळ घरात शिरले. १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीने सेगाचा 'मेगा ड्राइव्ह' भारतात आणला. आयात शुल्क ८० टक्के आणि मशीनची किंमत १८ हजार रुपये. मध्यमवर्गीय घरात तेवढ्यात रंगीत टीव्ही यायचा. म्हणून बाजार दुसऱ्यांनीच व्यापला. निन्टेंडोच्या १९८३ च्या 'फॅमिकॉम'ची नक्कल करणारी मशीनं 'समुराई', 'मीडिया' अशा नावांनी विकली जाऊ लागली. विलेपार्ल्याच्या इर्ल्यातल्या दुकानांपासून क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मनीष मार्केटपर्यंत ती सर्रास मिळायची. दिवाळीचा बोनस, दहावीचा निकाल किंवा मुंजीचा आहेर, यांपैकी कशाच्या तरी निमित्ताने ती घरी यायची.

मशीनपेक्षा कार्ट्रिज महत्त्वाचं. पिवळ्या किंवा काळ्या प्लास्टिकच्या डबीवर आकडा छापलेला असायचा: '९९९९ इन वन', कधी त्याहून मोठा. आत प्रत्यक्षात दोन-चार डझन खेळ. तोच खेळ पहिल्या लेव्हलपासून एकदा, पाचव्या लेव्हलपासून दुसऱ्यांदा, हिरव्याऐवजी निळ्या रंगात तिसऱ्यांदा. यादी लांबवायची ही युक्ती मुलांना आठवड्यात कळायची आणि तरी कुणी तक्रार करायचं नाही. त्या यादीत 'सुपर मारिओ'च्या खाली 'कॉन्ट्रा', त्याच्या खाली 'पॅक-मॅन', मग 'बॅटल सिटी'चा रणगाडा, मग 'गॅलॅक्सियन', मग 'अर्कनॉइड'. जपानच्या दहा वर्षांचा माल एका यादीत, कसलीही तारीख न लिहिता.

ज्यांना टीव्हीवरचं मशीन परवडत नव्हतं त्यांच्यासाठी स्टेशनच्या पुलावर हातातला 'ब्रिक गेम' होता. राखाडी पडद्यावर चौकोनी ठिपके, त्यांच्यापासूनच 'टेट्रिस', त्यांच्यापासूनच साप, त्यांच्यापासूनच विटा फोडणं आणि गाडीची शर्यत. दहा बाय वीस चौकोनांच्या जाळीत सगळे खेळ बसवायचे म्हटल्यावर त्यांच्यातलं वेगळेपण जवळपास पुसलंच जायचं. 'स्नेक व्हर्सेस ब्लॉक' २०१७ चा असला तरी त्यातल्या सापाची आणि ठोकळ्यांची सोयरीक घाटकोपरच्या पुलावर त्याच्या वीस वर्षं आधी जमली होती.

सापाची पकड

भारतात मोबाइलचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला, कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंचा दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना. त्याच वर्षी मुंबईत बीपीएल मोबाइल आणि मॅक्स टच सुरू झाले. सुरुवातीला येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे, त्यामुळे फोन ही व्यापाऱ्याची, डॉक्टरची वस्तू होती. १९९७ मध्ये नोकियाच्या ६११० या फोनमध्ये तानेली अर्मान्तो या फिनिश अभियंत्याने 'स्नेक' बसवला. 'ब्लॉकेड'ची ती रेघ एकवीस वर्षांनी खिशात आली.

सर्वसामान्यांच्या हाती फोन आला तो २००३ च्या आसपास. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमने सेवा सुरू केली, २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून फोन देणारी 'मान्सून हंगामा' योजना आली आणि १ मे २००३ पासून इनकमिंग मोफत झालं. त्याच वर्षी नोकियाचा ११०० आला. वरच्या टोकाला टॉर्च, पातळ रबरी कीपॅड आणि आत दोन खेळ. एक 'स्नेक टू', दुसरा 'स्पेस इम्पॅक्ट'. पहिल्याचं मूळ १९७६ च्या ब्लॉकेडमध्ये, दुसऱ्याचं स्पेस इन्व्हेडर्सच्या परंपरेतल्या अंतराळयुद्धांत. आर्केडच्या दोन वाटा काही हजारांच्या फोनमध्ये, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांत, शेजारीशेजारी.

आणि इथे ते दोन-तीन मिनिटांचं माप कामाला आलं. धीम्या लोकलला दोन स्टेशनांमध्ये साधारण तेवढाच वेळ लागतो. विद्याविहारला सुरू केलेला साप घाटकोपरला मरायचा, विक्रोळीला पुन्हा सुरू. गाडी गच्च असली, एका हाताने दांडी धरलेली असली तरी दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने २, ४, ६, ८ ही बटणं दाबता यायची. बऱ्याच फोनांवर नेमके हेच चार आकडे पुसलेले असायचे. नाणं टाकणाऱ्याचा खिसा रिकामा करण्यासाठी शोधलेली लय, रोजच्या तासाभराच्या प्रवासाला अगदी फिट बसली. दोघांनी मिळून खेळण्याची जुनी सवयही टिकली. शेजारचा माणूस खांद्यावरून पाहत म्हणायचा, 'डावीकडे वळव, डावीकडे!'

चौसष्ट किलोबाइटमध्ये

तोपर्यंत इथलं खेळणं दुसऱ्यांच्या खेळांवर चाललं होतं. गेम बनवायला मुंबईत सुरुवात झाली ती १९९९ च्या सुमारास. विशाल गोंडल यांनी 'इंडियागेम्स' काढली, नितीश मित्तरसैन यांनी 'नझारा'. आलोक केजरीवाल यांच्या कंपन्याही याच शहरातल्या. त्यांच्या 'गेम्सटूविन'चा 'पार्किंग फ्रेन्झी' २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ॲपल स्टोअरच्या मोफत गेमच्या यादीत वरच्या क्रमांकावर गेला.

त्या काळातला गेम बनवणारा माणूस मुख्यतः जागेशी झगडायचा. नोकियाच्या अनेक फोनांवर जावात लिहिलेला गेम ६४ किलोबाइटमध्ये बसवावा लागे. आज साध्या फोटोलाही त्याहून जास्त जागा लागते. वर प्रत्येक कंपनीच्या फोनाचा पडदा वेगळा, बटणं वेगळी, म्हणून एकाच गेमच्या पन्नास आवृत्त्या कराव्या लागायच्या आणि टेबलावर फोन मांडून एकेकावर तपासाव्या लागायच्या. चित्रं छाटायची, आवाज काढून टाकायचा, शत्रू तीनऐवजी एकाच प्रकारचा ठेवायचा. निशिकादोने यंत्राच्या मर्यादेशी केलेली तडजोड वीस-पंचवीस वर्षांनी मुंबईतल्या मुलांनी पुन्हा केली. गेम विकला गेला तरी पैशांतला मोठा वाटा मोबाइल कंपनीच कापून घ्यायची.

तरी बाहेरच्यांना या कामाची किंमत कळली. २००५ मध्ये चीनच्या टॉम ऑनलाइनने इंडियागेम्सचा तीन चतुर्थांशाहून मोठा हिस्सा सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरना घेतला. २००७ मध्ये ती यूटीव्हीकडे आली आणि यूटीव्हीबरोबर २०१२ मध्ये डिस्नेकडे गेली. एलबीएस मार्गावर त्याच काळात मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत जुन्या कारखान्यांच्या जागी मॉल उभे राहत होते. २००९ मध्ये घाटकोपरला आर सिटी उघडला. मॉलमधल्या गेम झोनमध्ये नाण्याऐवजी आधी पैसे भरलेलं कार्ड आलं. रुपयाचा डाव तिथे पन्नास-शंभरावर गेला आणि गल्लीतली पार्लरं एकेक करून मोबाइल रिचार्जच्या दुकानांत, मग सायबर कॅफेत, मग आणखी कशात तरी बदलली.

एकत्र आल्यावर

८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं, साधारण वीस मिनिटं. पश्चिम आणि मध्य या दोन रेल्वेमार्गांवर वाढलेली, एकमेकांकडे क्वचितच फिरकणारी उपनगरं एका डब्यात आली. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि डेटा जवळजवळ फुकट झाला. आता गेम उतरवून घ्यायला ना मोबाइल कंपनीची यादी लागत होती, ना ६४ किलोबाइटची चिंता.

२०१७ चे ते दोन गेम याच क्षणी आले आणि त्यांचं नशीब वेगवेगळं ठरलं. टायटोचा गेम पैसे देऊन घ्यायचा होता. गुगलने २०१५ मध्ये भारतापुरती ॲपची किमान किंमत ५० वरून १० रुपयांवर आणली होती, पण फोनवर पैसे देऊन गेम घ्यायची सवय इथे रुजली नव्हती. व्हूडूचा गेम फुकट होता. दर डावानंतर जाहिरात, मग पुन्हा डाव. तो झपाट्याने पसरला. जुनं नाणं गेलं, पण डावाची लांबी बदलली नाही: दोन मिनिटं खेळ, मग थांबा. तेवढ्या थांब्यात पूर्वी खिशात हात जायचा, आता जाहिरात दिसते.

पुढे पबजीने २०१८ नंतर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या लढाया आणल्या. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने त्यावर बंदी घातली. पैसे लावून खेळायच्या गेमनी त्याच काळात जोर धरला आणि १९९५ चा कौशल्य की नशीब हा प्रश्न न्यायालयांत पुन्हा उभा राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने तो प्रश्नच बाजूला सारला: पैसे लावून खेळायचा ऑनलाइन गेम कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, त्याला बंदी. नझारालाही त्याची झळ लागली, कारण पोकर चालवणाऱ्या एका कंपनीत तिची गुंतवणूक होती. पण त्याच वर्षी तिने आणखी एक व्यवहार केला. लोअर परळमध्ये २०१२ साली सुरू झालेली 'स्मॅश' ही गेमिंग हॉलची साखळी तिने दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून आपल्याकडे घेतली. मोबाइलवर मोठी झालेली कंपनी पुन्हा मशीनच्या हॉलकडे वळली.

व्हिडिओ गेमचा इतिहास बहुतेक वेळा बनवणाऱ्यांच्या क्रमाने लिहिला जातो: १९७६, मग १९७८, मग १९८०. उपनगरांचा इतिहास त्या क्रमाने लिहिता येत नाही. इथे खेळ केव्हा बनला याला महत्त्व नव्हतं, तो कुणाच्या हाती कधी आणि कशासोबत पडला याला होतं. बोर्ड बदलणारा पार्लरवाला, यादी लांबवणारा कार्ट्रिजवाला, एका रुपयात दोघांना खेळवणारी मुलं, या सगळ्यांनी वेगवेगळ्या दशकांचे खेळ एकत्र आणले. तसा काही त्यांचा हेतू नव्हता. जे मिळालं ते त्यांनी वापरलं. टायटो आणि व्हूडूने तेच काम ठरवून, आखून, मोबदल्याचा हिशेब करून केलं. एवढ्यावरून कोण पुढे आणि कोण मागे हे ठरवायची घाई करू नये. आर्केडच्या वंशावळीत एक शाखा अशीही धरावी लागेल, जिने नवे खेळ बनवले नाहीत, पण जुन्या खेळांची मांडणी दर संध्याकाळी नव्याने केली.